*शेती सल्ला : चेनसॉमधून ढलप्या पडतात की भुसा?*



बोरीच्या बागा आता रिकाम्या झाल्यात. एप्रिलच्या शेवटापासून आपल्याकडे छाटणी सुरू होईल. पावसाळ्याआधी बांधावरची बाभूळ कमी करायची असते, गोठ्यावर झुकलेली लिंबाची फांदी काढायची असते. म्हणजे वर्षभर कोपऱ्यात पडलेलं चेनसॉ मशीन आता बाहेर निघणार. काहीजण नवीन घेणार, काहीजण भाड्याने आणणार. म्हणून आजचा सल्ला मशीनवर आहे.

मेसेज लांब आहे. एका दमात नाही झाला तरी चालेल, पण सेव्ह करून ठेवा. आणि तुमच्या घरी मशीन जो हातात धरतो, मुलगा असो, भाऊ असो की गडी, त्याला नक्की पाठवा.

*आधी एक घडलेली गोष्ट*

मागच्या वैशाखात आपल्या एका सभासदाचा फोन आला. म्हणाले, "मशीन दुसऱ्याच वर्षी बसलं. ओढतच नाही. कार्बोरेटर गेलाय वाटतं, विकून टाकतो." आम्ही शेतावर गेलो. मशीन एका झटक्यात चालू झालं, आवाज खणखणीत. खोडाला लावलं तर पट्टीतून धूर निघाला आणि खाली पडला तो पिठासारखा बारीक भुसा.

तिथेच गोल कानस काढून एकेका दाताला तीन-तीन हात मारले. वीस मिनिटं गेली. पुन्हा लावलं तर मशीन स्वतःच्या वजनानेच लाकडात उतरलं आणि नखाएवढ्या ढलप्या उडायला लागल्या. कार्बोरेटरला काहीच झालेलं नव्हतं. धार गेली होती.

पण गोष्ट इथे संपत नाही. आम्ही जायच्या आदल्या दिवशी त्याच मशीनवर त्यांच्या गड्याने अंगाचा जोर लावून फांदी कापली होती. बोथट चेन, वरून दाब. फांदी एकदम तुटली, दाबाच्या भरात पट्टी खाली आली आणि गुडघ्याच्या वर लागली. टाके पडले, महिनाभर काम बंद. चेन थांबता थांबता लागली म्हणून हाडापर्यंत गेली नाही, एवढंच नशीब.

म्हणून आजच्या सल्ल्यातली एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे: *चेनसॉला जोर लावावा लागला की काम थांबवा आणि धार लावा.* बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

*1. घ्यायचं की भाड्याने आणायचं?*

स्वतःला विचारा, वर्षातले किती दिवस मशीन चालणार आहे? दोन-तीन एकर बोर आणि बांधावरची थोडी झाडं असतील तर काम पंधरा-वीस दिवसांचं. उरलेले अकरा महिने मशीन पडून राहणार. आणि आपल्याकडची मशीनं चालून कमी खराब होतात, पडून जास्त खराब होतात. टाकीत राहिलेलं पेट्रोल त्यांना मारतं.

- वर्षात चार-पाच दिवसांचंच काम असेल तर मशीन आणि चालवणारा, दोन्ही भाड्याने आणा.
- शेजारच्या चार-पाच जणांनी मिळून एक घेतलं तर उत्तम. पण मशीन एकाच्याच ताब्यात ठेवा आणि धारेची जबाबदारीही त्याच्याकडेच द्या. सगळ्यांचं मशीन म्हणजे कोणाचंच नाही, असं होऊ देऊ नका.
- अनुदानाचा विचार असेल तर आधी महाडीबीटीवर अर्ज, मग पूर्वसंमती, त्यानंतरच बिल. आधी खरेदी आणि मग अर्ज असं चालत नाही.

*2. केवढं मशीन घ्यावं?*

दुकानात गेल्यावर 58 सीसी, 22 इंची पट्टी समोर येते. मोठं दिसतं आणि पुष्कळदा चांगल्या कंपनीच्या लहान मशीनपेक्षा स्वस्तही असतं. पण आपल्या कामाला ते लागतं का? आपल्या बोरीच्या कापायच्या फांद्या मनगटापासून मांडीएवढ्या. बांधावरची बाभूळ फार तर फूटभर जाडीची. त्याला *35 ते 45 सीसी आणि 14 ते 16 इंची पट्टी* पुरते.

पट्टी लांब घेतली की वजन पुढे जातं, हात लवकर थकतात, धार लावायचे दात वाढतात, आणि पट्टीचं टोक कुठे लागतंय ते दिसत नाही. ते टोकच सगळ्यात धोक्याचं असतं, त्याबद्दल पुढे सांगतो. बोरीच्या काट्यांत वाकून उभं राहायचं असतं, तिथे हलकं मशीनच कामाचं.

हल्ली बॅटरीवर चालणारी 6 इंची छोटी करवतही बागांत दिसते. मनगटाएवढ्या फांदीला ती चांगली. आवाज कमी, पेट्रोल नाही. पण एक सावधगिरी: ती एका हातात मावते म्हणून लोक दुसऱ्या हाताने फांदी धरतात आणि बोटं जातात. कापताना दुसरा हात पट्टीच्या रेषेत कधीच नको.

*3. दुकानात काय बघायचं?*

- पेट्रोल आणि ऑइल भरलेलं मशीन उचलून बघा. रिकाम्या मशीनच्या वजनावर जाऊ नका.
- पुढच्या हँडलसमोरचं संरक्षक पान म्हणजे *चेन ब्रेक*. मशीन चालू करायला लावा, वेग द्यायला लावा आणि पान पुढे ढकलायला सांगा. चेन जागेवर थांबली पाहिजे.
- ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन चालू पण चेन स्थिर, असं हवं. चेन रांगत असेल तर आयडल नीट करून मागा.
- हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंग आहे ना? नसेल तर तासाभरात हाताला मुंग्या येतात.
- चेन, प्लग, फिल्टर, दोरी हे सामान मोडनिंब, तेंभुर्णी, कुर्डुवाडी, पंढरपूर यांपैकी कुठे तरी मिळतं का, ते बिल करण्याआधी विचारा. सामान न मिळणारं स्वस्त मशीन शेवटी महाग पडतं.
- पट्टीच्या बुडाशी आकडे छापलेले असतात. चेनच्या कड्यांचं माप (उदा. 3/8 किंवा .325), खाचेची जाडी आणि आतल्या कड्यांची संख्या. *त्या आकड्यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.* नवी चेन घेताना हे तिन्ही जुळले पाहिजेत. नुसतं "16 इंची चेन द्या" म्हटलं तर चुकीची येण्याची शक्यता फार.
- त्याच दिवशी मापाची गोल कानस, एक चपटी कानस आणि एक जादा चेन घ्या. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

*4. पेट्रोल आणि टू-टी ऑइल*

मशीन टू-स्ट्रोक आहे. इंजिनला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. नुसतं पेट्रोल घातलं तर पिस्टन धरतो आणि दुरुस्ती नव्या मशीनच्या जवळपास जाते. प्रमाण मशीनच्या पुस्तकात दिलेलं असतं, तेच पाळा. साधारण दोन प्रमाणं चालतात:

- 50 ला 1 : 1 लिटर पेट्रोलला 20 मिली, 5 लिटरला 100 मिली
- 25 ला 1 : 1 लिटर पेट्रोलला 40 मिली, 5 लिटरला 200 मिली

अंदाजाने, झाकणाने, "थोडं टाक" असं नको. दवाखान्यातल्या औषधाच्या बाटलीचं माप किंवा मोठी सिरींज वापरा. वेगळ्या कॅनमध्ये मिसळा, हलवा, मग टाकीत घाला.

आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. मिश्रण पडून राहिलं की पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, आणि त्या थरात टू-टी ऑइल नसतं. इंजिनने तोच थर ओढला तर ते कोरडं चालतं. शिवाय कार्बोरेटरमधलं रबर कडक होतं. म्हणून:

- आठवड्याला लागेल तेवढंच मिसळा. महिन्यावरचं मिश्रण मशीनला घालू नका.
- कॅन गच्च बंद, सावलीत.
- पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि थंड. बिडी-सिगारेट लांब. भरल्या जागेपासून दहा पावलं लांब जाऊन मशीन चालू करा.
- गरम मशीन वाळल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर ठेवू नका. या उन्हात ठिणगीलाही निमित्त लागत नाही.

*5. चेनचं तेल आणि चेनचा ताण*

दुसरी टाकी चेनच्या तेलाची. पेट्रोल भरलं की ती पण भरायची, दोन्ही एकदमच. ट्रॅक्टरचं काढलेलं काळं ऑइल घालू नका. त्यात लोखंडाचा कीस असतो, तो तेलाचा पंप आणि पट्टी खातो. ते चेनला चिकटून राहत नाही आणि अंगावर उडतं, कातडीला घातक आहे. चेन ऑइल मिळालंच नाही तर निदान नवं इंजिन ऑइल घाला.

तेल येतंय का ते बघायची सोपी पद्धत: पट्टीचं टोक एखाद्या पांढऱ्या गोणीसमोर वीतभर अंतरावर धरा आणि वेग द्या. गोणीवर तेलाची रेघ उमटली तर ठीक. नाही उमटली तर पट्टीची खाच आणि तेलाचं भोक साफ करा.

ताण बघताना इंजिन बंद, चेन थंड, हातात मोजे. चेन पट्टीच्या खालच्या बाजूला टेकलेली हवी आणि हाताने ओढली तर सहज फिरायला हवी. लोंबत असेल तर कामात उतरेल; फार आवळली तर पट्टी आणि स्प्रॉकेट झिजेल. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात सैल पडते, ती दोन-तीनदा बघा. आणि काम संपल्यावर ताण थोडा सैल करून ठेवा. गरम चेन थंड होताना आखडते.

*6. धार : सगळ्यात महत्त्वाचं*

धार गेल्याच्या खुणा:

- ढलप्यांऐवजी भुसा पडतो.
- मशीन दाबावं लागतं.
- तेल येत असूनही पट्टीतून धूर निघतो.
- काप सरळ न जाता एका बाजूला वळतो. म्हणजे एका बाजूचे दात दुसऱ्यापेक्षा आखूड झालेत किंवा बोथट आहेत.

एकदा जमिनीला, मातीला किंवा खिळ्याला चेन लागली की धार त्याच क्षणी गेली. मग टाकी रिकामी होईपर्यंत थांबायचं नाही. एरवी पेट्रोलच्या दर एक-दोन टाकीनंतर दोन-दोन हात मारलेच पाहिजेत.

कानशीचं माप चेनवर ठरतं. लहान मशीनच्या 3/8 लो-प्रोफाइल चेनला 4 मिमी, .325 चेनला 4.8 मिमी. चुकीच्या जाडीची कानस दाताचा आकारच बिघडवते.

धार लावायची पद्धत:

1. इंजिन बंद, प्लगची टोपी काढलेली. पट्टी ओंडक्यात किंवा व्हाइसमध्ये घट्ट धरा. चेन ब्रेक लावा. चेन पुढे सरकवायची असेल तेव्हाच सोडा.
2. सगळ्यात आखूड दात शोधा, त्यावर खडूने खूण करा. बाकीचे दात त्याच्याएवढे करायचे आहेत.
3. कानस दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने. परत आणताना उचलून आणायची, घासत नाही.
4. कोन साधारण 30 अंश. पुष्कळ चेनच्या दातावरच तिरकी रेघ असते, कानस तिला समांतर धरा. कानस आडवी, सपाट.
5. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या वर दिसला पाहिजे.
6. दोन-तीन हात पुरे. सगळ्या दातांना सारखेच. एका बाजूचे एकाआड एक दात संपले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे.
7. दर तीन-चार धारेनंतर दातापुढचं छोटं टेकाड बघा. ते दातापेक्षा साधारण 0.65 मिमी खाली हवं. दात झिजला आणि टेकाड तेवढंच राहिलं तर दात लाकडाला लागतच नाही. पण अंदाजाने जास्त घासलंत तर मशीन उसळायला लागतं. मापाची पट्टी मिळते, तीच लावा आणि चपट्या कानशीने घासा.

पहिल्यांदा अर्धा तास लागेल. पाचव्या वेळेला दहा मिनिटं. दाताची लांबी 4 मिमीच्या आसपास राहिली किंवा दातावरची खूण गाठली की चेन बदला.

*7. अंगावर काय हवं*

चेन सेकंदाला साधारण 20 मीटर वेगाने फिरते. लागल्यावर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. जीन्सची पँट तिला कागदासारखी. चेनसॉसाठी वेगळी संरक्षक पँट किंवा मांडीवर बांधायची पट्टी मिळते. तिच्यातले धागे चेनमध्ये अडकून ती थांबवतात. रोज मशीन चालवणाऱ्याने ती घेतलीच पाहिजे. बाकी कमीत कमी एवढं तरी:

- डोक्याला हेल्मेट, डोळ्याला गॉगल किंवा जाळी. बोरीचा काटा डोळ्यात गेला तर आयुष्यभराचं दुखणं.
- कानात बोळे किंवा इअरमफ. आवाज 100 डेसिबलच्या वर असतो.
- घट्ट बूट. चप्पल, सँडल नाहीच.
- गळ्यातला टॉवेल, उपरणं, ओढणी काढून ठेवा. सैल बाह्या, धोतर, लुंगी घालून मशीनला हात लावू नका.

आणि सकाळी 6 ते 10 एवढंच काम. दुपारच्या उन्हात थकलेला माणूस आणि चालू चेन यांची जोडी नको. सोबत एक माणूस हवाच, पण हाताच्या अंतरावर नाही, हाकेच्या अंतरावर.

*8. मशीन चालवताना*

- *सुरुवात जमिनीवर.* मशीन खाली ठेवा, चेन ब्रेक लावा, मागच्या हँडलमध्ये उजवा पाय, डाव्या हाताने पुढचं हँडल दाबून दोरी ओढा. हवेत लोंबकळत धरून झटका मारायची सवय सोडा.
- *दोन्ही हातांनीच.* अंगठा हँडलच्या खालून वळलेला. उजवा हात मागे, डावा पुढे, डावखुऱ्यानेही असंच धरायचं.
- *पट्टीच्या टोकाने कापू नका.* टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन डोळ्याची पापणी लवायच्या आत तोंडाकडे उसळतं. म्हणून कुठला काप घेताना टोक कशाला टेकतंय, ते बघत राहा.
- *खांद्याच्या वर मशीन नाही. शिडीवर मशीन नाही. झाडावर चढून मशीन नाही.* उंच फांदीला दांड्याची करवत वापरा किंवा जाणकार माणूस आणा.
- मशीनच्या सरळ मागे उभे राहू नका, थोडं बाजूला. उसळलं तरी अंगावर येत नाही.
- एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना चेन ब्रेक लावा. लांब जायचं असेल तर इंजिन बंद.
- बांधावरच्या बाभळीत जुन्या कुंपणाची तार आणि खिळे गिळलेले असतात. सालीवर काळा डाग, फुगवटा दिसला तर तिथून वीतभर वर कापा.
- विजेच्या तारेजवळ फांदी गेली असेल तर मशीन लावूच नका. 1912 वर महावितरणला कळवा, लाईन बंद झाल्याची खात्री झाल्यावरच काम.

*9. बोरीची जाड फांदी कशी कापायची*

बोरीला फळ लागतं ते चालू हंगामाच्या नव्या फुटीवर. म्हणून उन्हाळ्यात छाटणी हवीच. पण सगळी छाटणी चेनसॉने करायची नसते. अंगठ्यापेक्षा बारीक फांदी चेनमध्ये अडकते आणि काट्यासकट तुमच्याकडे ओढली जाते. म्हणून आधी कात्रीने, कोयत्याने काटेरी डहाळ्या काढून उभं राहायला जागा करा. मग चेनसॉ.

जाड फांदी एका कापात काढली तर ती तुटताना खोडाची साल सोलत खाली येते. ती जखम वर्षभर भरत नाही. म्हणून तीन काप:

1. खोडापासून फूटभर लांब, *खालून* तिसऱ्या हिश्शापर्यंत.
2. त्याच्याही दोन बोटं पुढे *वरून*. फांदी इथे तुटून खाली पडते, साल खालच्या कापापाशी थांबते.
3. राहिलेला खुंट खोडाजवळ कापा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे फुगीर वळी असते. *वळी खोडालाच ठेवा*, तिच्या बाहेरून काप घ्या. जखम भरून येते ती त्या वळीतूनच. लांब खुंटही ठेवू नका, तो वाळतो आणि तिथून कीड शिरते.

काप झाल्यावर त्याच दिवशी 10 टक्के बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादलीत भिजवून मग एकत्र करा. लोखंडी भांडं वापरू नका.

मोहळ आहे का, पक्ष्याचं घरटं आहे का, तेही आधी बघा.

*10. झाड आडवं पाडायचं असेल तर*

बुंधा पट्टीपेक्षा जाड असेल, झाड घराकडे, रस्त्याकडे किंवा तारेकडे झुकलं असेल, आतून पोकळ असेल तर स्वतः करू नका. लहान, सरळ झाडाला:

- झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणी नको. शेळ्या, मुलं, बघे सगळे लांब.
- पळायची वाट आधी साफ करा, झाड पडणार त्याच्या उलट बाजूला तिरकी.
- पडायच्या बाजूला बुंध्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी खाच काढा.
- मागून काप खाचेच्या तळापेक्षा थोडा वर. *आरपार कापू नका.* मध्ये बुंध्याच्या दहाव्या हिश्शाएवढं लाकूड ठेवा. दरवाजाच्या बिजागरीसारखं तेच झाडाला दिशा देतं. ते कापलं की झाड कुठेही जाऊ शकतं.
- झाड हललं की मशीन घेऊन वाटेने मागे, वर बघत.

*11. परवानगी*

झाड आपल्या बांधावर असलं तरी सगळीच झाडं आपल्या मनाने तोडता येत नाहीत. महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा, 1964 च्या यादीत चिंच, आंबा, जांभूळ, फणस, साग, चंदन, मोह, हिरडा, अंजन अशी झाडं आहेत. ती तोडायची तर वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. बांधावरच्या जुन्या चिंचेला हात लावण्याआधी हे लक्षात ठेवा. झाड सामाईक बांधावर असेल तर शेजाऱ्याशी आधी बोला. झाडाचं लाकूड दोन दिवसांत संपतं, भांडण पिढीभर चालतं.

*12. मशीन सांभाळताना*

*रोज काम झाल्यावर:* एअर फिल्टर झटकून साफ करा. झाकण काढून स्प्रॉकेटजवळचा तेलकट भुसा ब्रशने काढा. चेनची धार बघा. नट-बोल्ट आवळा.

*आठवड्याला:* पट्टीची खाच बारीक सळईने खरवडा. *पट्टी उलटी करून लावा*, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. प्लग काढून पुसा, अंतर साधारण 0.5 मिमी. सिलेंडरच्या पाकळ्यांतला भुसा काढा, नाहीतर इंजिन तापतं. चेन ब्रेक पुन्हा तपासा.

*दोन चेन झिजल्या की* स्प्रॉकेटही बदला. जुनं स्प्रॉकेट नव्या चेनला खातं.

*हंगाम संपल्यावर:* हे विसरू नका. टाकीतलं पेट्रोल काढा. मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होतो. चेन आणि पट्टी काढून साफ करा, तेलाचा हात फिरवा. मशीन गोणीत गुंडाळून कोरड्या जागी, खताच्या पोत्यांपासून लांब ठेवा. खताची ओल लोखंड खाते. आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी.

*13. लागलंच तर*

मशीन बंद. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून हाताने *जोरात दाबून धरा*, सोडून सोडून बघू नका. हात किंवा पाय वर उचलून ठेवा. हळद, चहा पावडर, माती, काही लावू नका. 108 ला फोन करा किंवा सरळ दवाखाना गाठा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. कामाला जाताना मोबाईल चार्ज आणि खिशात हवा, गाडीच्या डिकीत नको.

*शेवटचं*

येत्या रविवारी सकाळी 8 वाजता कंपनीच्या गोदामात धार लावण्याचं प्रात्यक्षिक आहे. आपलं मशीन, कानस आणि चेन घेऊन या. टाकी रिकामी करून आणा. महिला सभासदांनीही यावं. घरात मशीन कोणी का चालवेना, भुसा पडतोय की ढलप्या, हे सगळ्यांना ओळखता आलं पाहिजे. "दादा, भुसा पडतोय, थांबवा" एवढं म्हणायला मशीन चालवता यावं लागत नाही.

ज्या सभासदाची गोष्ट वर सांगितली, त्यांनी मशीन विकलं नाही. गोल कानस आता त्यांच्या गाडीच्या डिकीतच असते. त्यांचा गडीही कामावर परत आलाय, आणि दर टाकीला मशीन बंद करून तोच आधी दात बघतो.

काही शंका असेल तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज पाठवा. चेनचा प्रश्न असेल तर पट्टीवरच्या आकड्यांचा आणि एका दाताचा जवळून फोटो जोडा.

सांभाळून काम करा. 🙏
– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, मोडनिंब (ता. माढा)